दुसऱ्याचा आकडा

शैलजाताई बऱ्या झाल्या, आणि घाबरल्या.

तांबोळी मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला होता. हिरवी रेघ चढत चढत एका आडव्या तांबड्या रेघेच्या वर गेली होती आणि तिथंच रमली होती.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "अशीच आणखी महिनाभर राहिली की तुमची सुटका. मग दर गुरुवारी इथं बाकावर ताटकळायला नको."

आणि त्या हसल्या. सकाळपासून एकामागून एक माणसांची दुःखं ऐकणारी बाई जितपत हसू शकते तितपत. शैलजाताईही हसल्या, नमस्कार करून बाहेर आल्या आणि त्याच बाकावर मटकन बसल्या.

नवरा, ढोबळे मास्तर, गेल्यावर शैलजाताईंनी बोलणंच सोडलं होतं. जेवण ताटात तसंच राहायचं. मुलगा हृषीकेश त्यांना हाताला धरून उपळगावच्या या दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा त्यांना पायऱ्याही चढवत नव्हत्या. पुढं गोळ्यांनी फरक पडला, ते खरं. तांबोळी मॅडमच्या समुपदेशनानं पडला, तेही खरं. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. मनाच्या आजारांची ओपीडी गुरुवारची, आणि निम्म्या बाकाला गुरुवारचा उपास. त्यामुळं नंबर लागेपर्यंत डबे उघडायचे, भगर आणि शेंगदाण्याची आमटी इकडून तिकडं फिरायची. एकदा शेजारच्या बाईनं आमटीचं झाकण पुढं करून विचारलं, "ताई, जरा चाखून सांगा, मीठ कमी झालंय का?" कित्येक महिन्यांत शैलजाताईंना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता ज्याचं उत्तर त्यांना येत होतं. त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "कमी झालंय." त्या दिवसापासून त्या सावरायला लागल्या.

आणि आता त्या सावरल्या म्हणून बाक सुटणार होता.

हे सगळं ठरवत होता मनगटावरचा पट्टा. पूर्वी डॉक्टर महिन्यातून एकदा "कसं वाटतंय?" म्हणून विचारायचे, रोगी "बरं आहे" म्हणायचा आणि डॉक्टर तसंच लिहायचे. आपल्याकडं विचारल्यावर कोण बरं नसतं? माणूस फासाला चालला असला तरी वाटेत भेटलेल्याला "बरं आहे" म्हणूनच सांगेल. पट्ट्यानं ही पंचाईत मिटवली. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर तो मोजायचा. निरोगी मनात ते सतत थोडं कमीजास्त होत असतं, खचलेल्या मनात ठोकळ्यासारखं एकसारखं पडतं. कातडीवरचा घाम, झोपेतली चुळबुळ आणि दिवसभरातली पावलं तो टिपायचा. आणि आवाज ऐकायचा. शब्द नव्हे, शब्दांमधली फट. उदास माणसाचा सूर सपाट होतो आणि दोन शब्दांमधली फट रुंदावते, हे कानाला कळायच्या कितीतरी आधी पट्ट्याला कळायचं. या सगळ्याचा मेळ घालून तो शंभरापैकी एक आकडा काढायचा आणि दवाखान्याच्या पडद्यावर, घरच्यांच्या फोनवर पाठवायचा. सत्तरच्या वर टिकलात तर बरे. मग तुमची जागा मागं रांगेत थांबलेल्या माणसाला. त्यात वावगं काही नव्हतं, रांग खरोखरच मोठी होती.

एक गोष्ट मात्र पट्ट्याला येत नव्हती. यंत्रानं चोरून ऐकू नये म्हणून लोकांनी मोठं आंदोलन केलं होतं आणि सरकारनं कायदा केला होता. त्यामुळं पट्टा ऐकायचा ते जागच्या जागी विसरायचा. माणूस कुठं आहे ते त्याला ठाऊक नसायचं आणि आवाज कुणाचा हेही ओळखायची त्याला मनाई होती. मनाचं सगळं कळत होतं, पण मन कुणाचं ते कळत नव्हतं. कायदा चांगलाच होता. एवढी बारीक फट त्यात राहील असं कुणाच्या ध्यानातही आलं नसावं.

"काय ताई, किती आकडा लागला आज?" बालाजीनं विचारलं. हा बाकावरचा ठरलेला विनोद. मटका बंद होऊन जमाना झाला तरी शब्द गेला नव्हता.

बालाजी खरात बस चालवायचा. दोन वर्षांमागं एक मोटरसायकलवाला वळणावर समोरून येऊन त्याच्या गाडीवर आदळला आणि जागीच गेला. चूक बालाजीची नव्हती, पंचनाम्यात तसं आलंही. पण बालाजीच्या डोळ्यांनी पंचनामा वाचला नव्हता. झोप गेली, हात कापायला लागले, स्टिअरिंग सुटलं. आता डेपोचा नियम असा की आकडा सत्तरच्या वर गेल्याशिवाय गाडी नाही. त्याचा चाळीस-पन्नाशीत रुतून बसला होता.

"लागला," शैलजाताई म्हणाल्या. "महिन्याभरात काढणार मला."

"नशीबवान हाय तुम्ही."

"कसलं नशीब रे. घरी बसून भिंती बघू का?"

"आन् मी हितं बसून काय करू? पोरगी पुढच्या वर्षी दहावीला. शेडमधी झाडू मारतोय सध्या. डायवर माणूस मी."

मग शैलजाताई जे बोलल्या ते निव्वळ थट्टेनं बोलल्या. "मग घे की माझा पट्टा. दे तुझा मला. तुला वर पाहिजे, मला खाली पाहिजे."

दोघंही हसले. डबे धुवायला नळावर गेले तेव्हा दोघांनीही पट्टे काढून कठड्यावर ठेवले, पाण्यात सगळेच काढत. राखाडी रंगाचे, सारखेच पट्टे. हात पुसले. बालाजीनं एकदा इकडंतिकडं पाहिलं. शैलजाताईंनी पाहिलंही नाही. त्यांनी सरळ त्याचा पट्टा उचलला आणि मनगटाला लावला, शेजारणीची वाटी उचलावी तसा.

पुढं सगळं सरळ झालं. शैलजाताईंच्या हसण्याबोलण्यावर, पहाटेच्या फिरण्यावर बालाजीच्या नावाचा आकडा चढत गेला. शैलजाताईंच्या नावाचा उतरला आणि बाक शाबूत राहिला. बालाजी पेढे घेऊन आला. आता त्याला ओपीडीला यायचं कारण नव्हतं, वर्षभर नुसती देखरेख. पट्टा हातात ठेवायचा, आकडा आपोआप डेपोत जाणार. आकडा पडला तर गाडी काढून परत उपचाराला पाठवणार, पण पगार चालू. पट्टाच काढून ठेवला किंवा काही चलाखी केली तर मात्र नोकरी गेली. आजाराला रजा होती, लबाडीला नव्हती.

"ताई, तुम्ही फकस्त हसत राहा," पेढा पुढं करत तो म्हणाला. "बाकी माझं मी बघतो."

हसत राहा म्हणणं सोपं असतं. शैलजाताईंना लवकरच कळलं की आपल्या मनगटावर एका घराची चूल बांधली आहे. पहाटेचं फिरणं चुकवायची सोय नव्हती. भजनी मंडळात वाद निघाला की त्या उठून पाणी प्यायला जायच्या. मास्तरांच्या वर्षश्राद्धाला सगळं घर गहिवरलं, आणि त्या मनातल्या मनात पाढे म्हणत बसल्या, रडू येऊ नये म्हणून. बहीण म्हणाली, "शैले, तू दगड झालीस का गं?" त्यावरही त्या हसल्या. आनंदाची नोकरी लागली होती, आणि या नोकरीत सुट्टी नव्हती. फार थकायच्या त्या.

आणि घरात उलटंच चित्र. हृषीकेशच्या फोनवर आईचा आकडा लाल दिसायचा. आई हसतेय, फिरतेय, गुणगुणतेय, तरी फोन सांगतोय की आतून खचली आहे. मग हसू खोटं ठरलं. सून मृणाल वाईट नव्हती, अगदी मनापासून काळजी करायची. म्हणूनच एक दिवस ती ऑफिसला जाताना छोट्या आर्वीला, शैलजाताईंच्या नातीला, पाळणाघरात घेऊन निघाली.

"अगं, ठेव की तिला. मी आहे ना," शैलजाताई म्हणाल्या. आर्वीनं त्यांच्याकडं दोन्ही हात पसरले होते.

"तुम्ही आराम करा, आई," मृणाल म्हणाली. तिनं फोन पर्समध्ये टाकला, पण त्याआधी त्याकडं एकदा पाहिलं. "थोडे दिवस. तुमचं जरा स्थिर होऊ दे."

दार लागलं. शैलजाताईंना ओरडून सांगावंसं वाटलं की अगं मी ठणठणीत आहे. पण सांगणार काय? आणि रडावंसं वाटलं, तर तेही बालाजीला परवडण्यासारखं नव्हतं. त्या उठून फिरायला गेल्या.

दर गुरुवारी तांबोळी मॅडम पडदा वळवायच्या. पहिल्यांदा शैलजाताई त्याकडं नाटकाच्या पडद्यासारखं बघायच्या. पण हळूहळू त्यांना वाचता यायला लागलं. ही रेघ बालाजीची होती. दोन गुरुवार ती जरा वर आली तेव्हा त्यांना बरं वाटलं. गाडी मिळाल्याचा आनंद असणार. मग ती कलली. मग घसरली. साऱ्या गावात बालाजीच्या मनाची खबर फक्त त्यांच्याकडं यायची, आणि तीही त्यांच्याच नावानं. त्याच्या घरी त्याची बायको सारिका फोनवर हिरवा आकडा बघून निर्धास्त झोपत होती. कसा आहेस म्हणून आता त्याला कुणीच विचारत नव्हतं. विचारायचं कशाला, फोन सांगतोच की.

त्या गुरुवारी तांबोळी मॅडम हसल्या नाहीत.

"शैलजाताई, झोप जवळजवळ नाहीच. पहाटे छाती धडधडतेय. आवाज तर अगदी सपाट. काय चाललंय?"

शैलजाताई त्या रेघेकडं बघत राहिल्या. बालाजीचं काय झालं असेल हे? त्यांनी धीर केला. "मॅडम, हा आकडा माझा नाही हो."

मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "सगळ्यांना असंच वाटतं. हा मी नव्हेच, असं. आजारच तसा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"तसं नव्हे..."

"एक विचारते, खरं सांगा. जीवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?"

"मला काय माहीत?" शैलजाताईंच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी डॉक्टरांकडून गोळ्या वाढवून घेतल्या, हृषीकेशला फोन लावला, पुढच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं. शैलजाताईंना अजून एकदा तोंड उघडता आलं असतं. सगळं सांगता आलं असतं. पण सांगितलं की ती लबाडी, आणि लबाडीला रजा नव्हती. त्या गप्प बसल्या, आणि गप्प बसल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं याची त्यांना मागाहून फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या स्टँडवर गेल्या. बालाजी गाडीशी उभा होता. दाढी घोटलेली, खाकी कडक इस्त्रीची, बाही मनगटापर्यंत ओढलेली.

"ताई! हिकडं कुठं?"

"झोप लागते का रे तुला?"

"लागती की. झकास."

"बालाजी, तुझी रेघ मला दिसते."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं कंडक्टर कुठं आहे ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कुणाला बोलू नका, ताई. पाया पडतो तुमच्या."

"पट्टे बदलून घेऊ परत."

"तवा फरक थोडा होता, खपून गेलं. आता दोघांचे आकडे एकाच दिवशी एवढ्या उड्या मारतील? शेंबड्या पोराला बी कळंल. चौकशी लागंल, घरी बसवतील मला. पोरीची परीक्षा होऊ द्या. तेवढं निभावतो मी."

कंडक्टरनं घंटी दिली. तो वर चढला. गाडी भरलेली होती, कॉलेजच्या मुली पाठीला सॅक लावून दारापर्यंत उभ्या होत्या. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. आणि फाटकाच्या तोंडाशी, पुढं चिटपाखरूही नसताना, करकचून थांबली. आतल्या मुली एकमेकींवर आदळल्या आणि हसल्या. शैलजाताईंना काचेतून बालाजी दिसला. तो रिकाम्या रस्त्याकडं बघत होता, कुणीतरी बाजूला व्हायची वाट बघावी तसा. मग गाडी सावकाश निघून गेली.

शैलजाताई घरी आल्या आणि स्वयंपाकघरात बसून राहिल्या. सांगितलं तर त्याची नोकरी जाते आणि नोकरीबरोबर तोही जाईल. नाही सांगितलं तर तो जातो, आणि त्या मुलीही. पट्टा काढला तरी नोकरी जाते. पण आकडा पडला तर? खरोखरच पडला तर? घसरण वेगाची असली की यंत्र गुरुवारची वाट बघत नाही, त्याच दिवशी डेपोत निरोप जातो. मग तो फक्त आजारी ठरेल. बालाजीच्या नावाचा आकडा त्यांच्या मनगटावर होता. म्हणजे आजारी पडायचं ते त्यांनीच.

त्यांनी मास्तरांचं कपाट उघडलं.

वर्ष उलटलं तरी त्या कपाटाला त्यांनी हात लावला नव्हता. वर चष्मा होता, एक काडी सुतळीनं बांधलेली. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा. शाळा सुटून कित्येक वर्षं झाली होती तरी मास्तर खिशात खडू ठेवायचे. बाजारात भाजीवाल्याला हिशेब समजावायचा तर त्याच्या फळीवर लिहून दाखवायचे. तिथं, त्या दुपारी, शैलजाताईंनी रडायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्या मुद्दाम रडल्या, हे खरं आहे. थोड्या वेळानं मुद्दाम राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या फिरायला गेल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जावंसंच वाटलं नाही. ताट तसंच राहायला लागलं. ही वाट त्यांच्या पायाखालची होती, उताराचीही होती, आणि मधे कुठं थांबता येत नाही हे त्यांना आठवत होतं. भीती वाटली. मग हळूहळू भीतीही वाटेनाशी झाली, आणि ते जास्त वाईट होतं. हृषीकेश आणि मृणाल घाबरून फोनकडं बघायचे. फोनवर कालचाच लाल आकडा. त्यांना काहीच कळेना.

सोमवारी दुपारी बालाजीचा फोन आला.

"ताई, माझी गाडी काढून घेतली." आवाज चिडलेला होता. "आकडा धाडकन पडला म्हनं. काय केलं तुम्ही?"

"रडले," शैलजाताई म्हणाल्या.

"कशापायी?"

"मास्तर गेले रे."

पलीकडून दबका हुंदका आला. मग शैलजाताईंना कळलं की बालाजीही रडतोय. तोंडावर हात दाबून, पुरुषमाणसं रडतात तसा. त्यांनी फोन ठेवला नाही.

गुरुवारी तो बाकावर आला, साध्या कपड्यांत. दाढी वाढलेली होती. शैलजाताईंनी डबा आणला होता. कसा केला ते त्यांचं त्यांना माहीत.

"आज रातच्याला रिकामी गाडी डेपोत न्यायची होती माझी," चपलेच्या अंगठ्याकडं बघत तो म्हणाला. "घाटातनं. लोकं असली की मला काय करता येत न्हाई. लोकांस्नी पोचवावं लागतं. मी रिकाम्या गाडीची वाट बघत होतो, ताई."

शैलजाताईंनी डबा त्याच्यासमोर सरकवला. "आत गेल्यावर हेच मॅडमना सांग. जसंच्या तसं."

"सांगतो."

"आकडा सांगेल म्हणून बसू नकोस. तोंडानं सांग."

त्यानं मान हलवली. जेवण झाल्यावर दोघं नळावर डबे धुवायला गेले. कठड्यावर दोन पट्टे ठेवले आणि आपापले उचलले. आता दोघांचेही आकडे तळालाच होते, अदलाबदल कुणाच्या ध्यानात येणार नव्हती. येताना शैलजाताईंना कठड्याला धरावं लागलं.

पुढच्या गुरुवारी तांबोळी मॅडमनी पडदा वळवला. रेघ जिथं होती तिथंच होती.

"ना वर, ना खाली," मॅडम म्हणाल्या. त्याही फार दमल्या होत्या. "शैलजाताई, मागं विचारलं होतं तेच परत विचारते. जीवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?"

आज शैलजाताईंना उत्तर माहीत होतं. आज आकडा त्यांचा स्वतःचा होता, आणि तो खोटा नव्हता.

"येतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "पण मग गुरुवार येतो."

मॅडमनी पडदा बंद केला, पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. "मला सगळं सांगा," त्या म्हणाल्या. पुढचा माणूस त्या दिवशी बराच वेळ थांबला.

शैलजाताई बाहेर आल्या तेव्हा बालाजी बाकावर डबा उघडून बसला होता. सारिकानं पहिल्यांदाच केलेली आमटी होती. त्यानं झाकणात घेऊन ती पुढं केली.

"ताई, चाखून सांगा. मीठ कमी झालंय का?"

शैलजाताईंनी चाखलं. तोंडाला चव नव्हती. त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि नीट लक्ष देऊन पाहिलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "सांगते."